पाच श्रोते आणि मावशीची गोळी

माझ्या मावशीच्या फाइलमध्ये एक कागद आहे, तो आम्ही घरातल्या सगळ्यांनी इतक्या वेळा उघडून वाचलाय की घडीवर फाटत आलाय. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा रिपोर्ट, म्हणजे तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत कुठली प्रोटीनं आहेत ते सांगणारी तपासणी. कामाच्या ओळी तीनच, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. मावशी तेव्हा सेहेचाळीसची होती, ऑपरेशन होऊन टाके निघालेले, आणि ऑन्कॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं की ही ओळ आपल्या बाजूची आहे. मग टॅमॉक्सिफेन लिहून दिली, २० मिलिग्रॅम, रोज एक. तेव्हापासून मावशीच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी ती स्ट्रिप असते, रात्री ओटा पुसून झाला की ती एक गोळी घेते आणि दिवा बंद करते. बाकी काही नाही.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. पीआर आणि हर-टू ही दुसरी दोन प्रोटीनं, ती इथे बाजूला ठेवू. म्हणजे बघा, गाठीतल्या पेशींमध्ये एक प्रोटीन असतं जे इस्ट्रोजेनला, म्हणजे ज्याला बायकांचं हॉर्मोन म्हणतात त्याला, धरतं, आणि त्या हॉर्मोनच्या जोरावर गाठ वाढते. हे प्रोटीन असेल तर त्याच्या जागी दुसरंच काहीतरी बसवून हॉर्मोनची वाट अडवता येते, टॅमॉक्सिफेन हेच करते. प्रोटीन नसेल तर ही गोळी देऊन उपयोग नाही, वेगळे उपचार लागतात. आज कुठल्याही तालुक्याच्या गावातून गाठीचा नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो आणि आठवड्याभरात ही ओळ छापून येते, आपल्याला ते रक्तगट तपासण्याइतकं साधं वाटतं. पण ही ओळ ज्या माणसामुळे लिहिता येते त्याने सुरुवात केली तेव्हा त्याच्या डोक्यात गोळी नव्हती, टेस्टही नव्हती. त्याचा प्रश्न एवढाच होता की इस्ट्रोजेन शरीरात गेल्यावर जातं कुठे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, २०२३ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपच्या जागांचा विषय निघाला आणि विधान परिषदेत 'पीएचडी करून काय दिवे लावणार' असं बोललं गेलं. त्यावर खूप गदारोळ झाला, मग सगळे विसरले. मी विसरले नाही, कारण तो प्रश्न एका पुढाऱ्याचा नाहीये. तो आपल्या घराघरात विचारला जातो, लग्नाच्या बोलणीत विचारला जातो, बँकेत लोन मागायला गेलं की विचारला जातो, आणि आता सरकारी फॉर्ममध्येही एक रकाना म्हणून येतो की तुमच्या संशोधनाचा समाजाला अपेक्षित उपयोग काय ते लिहा. माझं म्हणणं असं की हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो चुकीच्या वेळी विचारला की ज्या उपयोगासाठी विचारतोय तोच मरतो. हे मला त्या ओळीमागच्या माणसाच्या, म्हणजे जेन्सन यांच्या आयुष्यावरून पटलंय म्हणून तेच सविस्तर सांगते.

एलवूड जेन्सन. जन्म १९२० चा, अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो गावचा. शिक्षण केमिस्ट्रीचं, १९४४ ला शिकागो विद्यापीठातून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी. युद्धाचा काळ होता, विषारी वायूंवर काम करायला लावलं होतं, त्यात दोनदा स्वतःच बाधा होऊन हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं, आणि रसायन शरीरात जाऊन नेमकं करतं काय ही उत्सुकता तिथून लागली. मग वर्षभर झुरिकला फेलोशिपवर, स्टेरॉइड हॉर्मोनवर काम करणाऱ्या, नोबेल मिळवलेल्या रुझिका यांच्या लॅबमध्ये. तिथे असताना गिर्यारोहणाचा फारसा अनुभव नसताना ते आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर चढले. ही नुसती हौशी गोष्ट नाही, कारण ते पुढे आयुष्यभर हे उदाहरण द्यायचे: त्या शिखरावर लोक वर्षानुवर्षं इटलीच्या बाजूने चढायला बघत होते आणि जमत नव्हतं, १८६५ ला व्हिंपर नावाचा गिर्यारोहक स्वित्झर्लंडच्या बाजूच्या धारेने गेला, जी खालून बघताना अशक्य वाटायची, आणि पोचला.

१९४७ ला ते शिकागोला परत आले आणि चार्ल्स हगिन्स या सर्जनबरोबर काम करायला लागले. हगिन्स म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुष हॉर्मोन काढून घेतलं की आटोक्यात येतो हे दाखवणारे, १९६६ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. इस्ट्रोजेनवर काम करणाऱ्यांचा तेव्हा एकच रस्ता ठरलेला होता. इस्ट्रोजेन गर्भाशयात जातं, तिथे एन्झाइम त्याचं एका रूपातून दुसऱ्या रूपात आणि परत पहिल्या रूपात परिवर्तन करतात, आणि त्या देवघेवीतून वाढीला लागणारी ऊर्जा मिळते, अशी थिअरी होती. सगळे त्या एन्झाइमच्या मागे. जेन्सननी प्रश्न उलटा केला: हॉर्मोन पेशीला काय करतं ते सोडून देऊ, पेशी हॉर्मोनला काय करते ते आधी बघू.

ऐकायला सोपं आहे, करायला अवघड होतं. उंदराच्या मादीला इस्ट्रोजेन लागतं ते ग्रॅमच्या कोटीव्या भागाच्या आसपास. एवढंसं शरीरात कुठे गेलं हे शोधायचं तर त्याला किरणोत्सर्गी खूण लावायला हवी, आणि त्या काळी वापरात असलेला कार्बन-१४ त्यासाठी फार दुबळा, एवढ्या कमी मात्रेत त्याचा मागमूस लागेना. म्हणून जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन या दोघांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, घेऊन इस्ट्राडायॉलचा, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकाराचा, रेणू बनवला. नुसती तयारीच एवढी. मग वयात न आलेल्या उंदरांच्या मादीला ते टोचायचं आणि ठराविक वेळाने एकेक अवयव काढून त्यात किती खूण उरलीय ते मोजायचं. रक्तात, लिव्हरमध्ये आकडा चढला आणि पटकन उतरला. गर्भाशयात आणि योनिमार्गात मात्र चढला आणि तासन्‌तास तिथेच राहिला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिथे जे अडकून राहिलं होतं ते इस्ट्राडायॉलच होतं, जसंच्या तसं, एकही अणू न बदललेलं! म्हणजे एन्झाइमची देवघेव वगैरे काही नाही, त्या पेशींमध्ये कोणीतरी आहे जे या रेणूला ओळखतं आणि धरून ठेवतं.

१९५८ ला व्हिएन्नाला बायोकेमिस्ट्रीची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तिथे जेन्सननी हे मांडलं. समोर ऐकायला पाच माणसं, आणि त्यातले तिघे त्याच सत्रात पुढे बोलणारे! त्याच वेळी दुसऱ्या हॉलमध्ये इस्ट्रोजेनच्या एन्झाइमवर मोठं चर्चासत्र चालू होतं आणि तिथे हजारावर लोक होते. जेन्सननीच ही आठवण पुढे सांगितली आहे. मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती रिकामी खुर्च्यांची ओळ आली आणि तिच्यापुढे मावशीच्या ओट्यावरची स्ट्रिप आली, आणि खरंच सांगते, अंगावर काटा आला. कारण त्या दिवशी कोणी हिशोब मांडला असता की बाबा रे पाच माणसं ऐकायला येतात, उंदराच्या गर्भाशयात काय होतं याने कोणाचं भलं होणारे, पुढच्या वर्षी ग्रँट बंद, तर त्याला आपण व्यवहारी माणूस म्हटलं असतं.

ग्रँट बंद झाली नाही. पुढची दहा-बारा वर्षं नुसती हे धरून ठेवणारं कोण आहे यातच गेली. इलिनॉयमध्ये टॉफ्ट आणि गोर्स्की यांनी १९६६ ला ते प्रोटीन वेगळं करून दाखवलं. जेन्सननी १९६८ ला दाखवलं की हे प्रोटीन हॉर्मोनला धरतं आणि मग पेशीच्या केंद्रकात, जिथे डीएनए असतो, तिथे जाऊन काम करतं. म्हणजे हॉर्मोन ही किल्ली, कुलूप पेशीत, आणि दार थेट जनुकांचं. हे सगळं होईपर्यंत कॅन्सरच्या पेशंटला यातून काही म्हणजे काहीच मिळालेलं नव्हतं.

आणि मग मिळालं. स्तनाचा कॅन्सर पसरलेला असेल तर त्या काळी अंडाशय काढायचे, तेवढ्याने भागलं नाही तर किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी काढायच्या, म्हणजे केवढं मोठं ऑपरेशन, आणि त्यानंतर जन्मभर औषधं. त्याचा फायदा व्हायचा सुमारे तीनातल्या एकीला. बाकीच्या दोघींना ऑपरेशनचा त्रास फुकटच, आणि कोण कुठल्या गटातली हे आधी कळायला मार्ग नाही. जेन्सननी गाठींमध्ये रिसेप्टर मोजायला घेतला आणि १९७१ च्या सुमारास चित्र स्पष्ट झालं: रिसेप्टर नसेल तर असल्या उपचाराचा फायदा जवळपास होतच नाही, असेल तर निम्म्याहून जास्त बायकांना होतो. म्हणजे उंदराच्या गर्भाशयातला तो आकडा थेट ऑपरेशन टेबलापर्यंत आला आणि कितीतरी जणींचं विनाकारण पोट फाडणं वाचलं. पुढे जेन्सन यांच्याबरोबर जेफ्री ग्रीननी या रिसेप्टरला ओळखणाऱ्या अँटिबॉडी बनवल्या, १९८० ला मोनोक्लोनल, म्हणजे सगळ्या अगदी एकसारख्या, आणि मग किरणोत्सर्गी हॉर्मोन न वापरता काचेच्या स्लाइडवरच टेस्ट व्हायला लागली.

ती स्लाइड मी पाहिलीय. माझी एक मैत्रीण पॅथॉलॉजिस्ट आहे, तिने एकदा मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. एका बाजूला निळसर ठिपक्यांची गर्दी, दुसऱ्या बाजूला तसेच ठिपके पण खारकेसारखे तपकिरी. ती म्हणाली, तपकिरी आहेत ना ती केंद्रकं, तिथे रिसेप्टर आहे, १०० पैकी १ पेशी जरी अशी दिसली तरी आम्ही पॉझिटिव्ह म्हणतो. आणि मग तिने जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, पडली पाहिजे, फॉर्मलिन पुरेसं पाहिजे, ६ तासांपेक्षा कमी नको आणि ७२ तासांपेक्षा जास्त नको, नाहीतर असलेला रिसेप्टर दिसत नाही आणि ती बाई निगेटिव्ह म्हणून घरी जाते, गोळी मिळतच नाही. शनिवारी दुपारी काढलेली गाठ बरणीभर पाण्यासारख्या फॉर्मलिनमध्ये सोमवारपर्यंत पडून राहिलेली तिने पाहिलीय. म्हणजे शोध आयता घेता येतो, स्ट्रिप विकत आणता येते, पण तो शोध वापरायला लागणारी काटेकोर सवय आयात होत नाही, ती संशोधन करणाऱ्या माणसांच्या शेजारी राहूनच लागते.

टॅमॉक्सिफेनची गोष्टही अशीच आडवळणाची आहे. १९६२ ला इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या केमिस्ट बाईंनी तो रेणू बनवला, तो गर्भनिरोधक म्हणून. उंदरांमध्ये चालला, बायकांमध्ये उलटाच, बीज सुटायला मदत करायला लागला. नापास औषध! पण इस्ट्रोजेन रिसेप्टर नावाची गोष्ट आहे हे तोपर्यंत माहीत झालेलं असल्यामुळे या नापास औषधाचं नेमकं काय करायचं हे सुचू शकलं, क्रेग जॉर्डन यांनी त्यावर आयुष्य घातलं, १९७३ ला ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. आज रिसेप्टर असलेल्या बायकांनी पाच वर्षं ही गोळी घेतली तर त्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. आणि आपल्याकडची याच जातकुळीतली गोष्ट किती जणांना माहितीय? लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सेंटक्रोमन नावाचा रेणू शोधला गेला, तोही इस्ट्रोजेन रिसेप्टरवरच बसतो, आठवड्याला एक घ्यायची गर्भनिरोधक गोळी म्हणून 'सहेली' नावाने आला आणि आज आशाताई सरकारी योजनेत 'छाया' नावाने वाटतात ती हीच. बाजारात यायला १९९१ उजाडलं, काम सुरू झालं होतं साठच्या दशकात. आपल्याला जमत नाही असं नाही, आपण वाट बघायला तयार नसतो.

जनुकांचं काम तर अजूनच पुढचं. १९८५-८६ मध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुक हाती लागलं, स्ट्रासबर्गला पिएर शांबों आणि अमेरिकेत ग्रीन, दोन्ही बाजूंनी. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात रॉनल्ड इव्हान्सनी कॉर्टिसॉल हॉर्मोनच्या रिसेप्टरचं जनुक वाचलं आणि मग एक भलतीच गंमत बाहेर आली, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्वापासून होणारं आम्ल, यांचे रिसेप्टर सगळे एकाच कुळातले निघाले, माणसात एकूण ४८. काहींना तर धरणारं हॉर्मोन कुठलं हेच माहीत नव्हतं म्हणून त्यांना अनाथ रिसेप्टर म्हणायला लागले. डायबेटिसची पिओग्लिटाझोन ज्यांच्या घरी आहे त्यांनी लक्षात घ्या, ती याच कुळातल्या एका रिसेप्टरवर काम करते. १९९४ ला एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची केस आली, उंची २०४ सेंटिमीटर, अजून वाढतोच आहे, हाडांचं वय पंधरा वर्षांच्या मुलाएवढं आणि हाडं ठिसूळ. त्याच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये बिघाड होता. म्हणजे पुरुषाची उंची थांबते ती 'बायकांच्या' हॉर्मोनमुळे, हे एका जनुकाने शिकवलं. आणि १९९६ ला, म्हणजे व्हिएन्नानंतर अडतीस वर्षांनी, स्वीडनमध्ये गुस्टाफसन यांच्या लॅबने दुसरा इस्ट्रोजेन रिसेप्टर शोधला, तो सापडला उंदराच्या प्रोस्टेटमध्ये, जिथे कोणी बघायला गेलं नसतं. २००४ ला जेन्सन, शांबों आणि इव्हान्स तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल जेन्सनना मिळालं नाही. ब्याऐंशीव्या वर्षी ते सिनसिनाटीला नव्या लॅबमध्ये रुजू झाले, २०१२ ला गेले, ९२ चे होऊन.

आता यावर जे म्हणतात ते मी पुष्कळदा ऐकलंय. अमेरिकेकडे पैसा होता, आपल्याकडे शेतकरी आत्महत्या करतायत आणि तुम्ही उंदराच्या गर्भाशयाला पैसे द्या म्हणता. हा आक्षेप मी हलका समजत नाही, माझं माहेर मराठवाड्यातलं आहे. पण आकडा बघा, संशोधनावर आपला देश जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. त्यातला मोठा भाग अवकाश, अणुऊर्जा आणि संरक्षणाकडे जातो. ज्याला साधा प्रश्न पडलाय अशा मुलामुलीपर्यंत त्यातलं किती पोचत असेल? शेतकऱ्याच्या तोंडचा घास यांनी काढलेला नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की आपल्या निम्म्या पीएचड्या कॉपी-पेस्ट असतात, प्रमोशनसाठी केलेल्या, पैसे देऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये टाकलेल्या. मान्य, शंभर टक्के मान्य! पण मग तपासा ना, काम खरं आहे का, मोजमाप नीट आहे का, प्रश्न आधी कोणी सोडवलाय का. उपयोगाचा रकाना भरायला लावल्याने चोर पकडला जात नाही, चोराला तो रकाना सगळ्यात छान भरता येतो. प्रामाणिक मुलगीच तिथे अडते.

ती मुलगी माझ्या ओळखीची आहे म्हणून लिहिते. आमच्या शेजारच्या काकूंची पुतणी, एका संस्थेत अशाच एका अनाथ रिसेप्टरवर काम करते. फेलोशिप सात महिने आलेली नव्हती. कागदावर महिन्याला ३७ हजार, हातात शून्य, हॉस्टेलची फी घरून मागवायची, वय अठ्ठावीस. तिने मागवलेली अँटिबॉडी बर्फातून यायला हवी ती कुरिअरमध्ये सुट्ट्यांमुळे अडकली आणि वितळून आली, परत मागवायला बजेट नाही. आणि वर्षाच्या रिव्ह्यूला तिला विचारलं, यातून स्टार्टअप होईल का? ती खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली अजून तो रिसेप्टर पेशीत काय करतो हेच कळलं नाहीये. तिला शेरा मिळाला, समाजोपयोगिता स्पष्ट नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली, चांगलंच आहे, पण ती खाजगी क्षेत्रासाठी आणि ज्या तंत्राची प्रयोगशाळेत बऱ्यापैकी खात्री पटलीय त्याच्या पुढच्या, म्हणजे चौथ्यापासूनच्या टप्प्यांसाठी. १९५८ चे जेन्सन त्यात कुठे बसले असते? कुठेच नाही. आणि टप्पा चारला पैसे देताना टप्पा एकला माणूसच नसेल तर चारपर्यंत येणार कोण?

अजून एक गोष्ट जेन्सन यांच्या गोष्टीत आहे ती आपण बघत नाही. ते काही एकांतातल्या आश्रमात बसलेले नव्हते. १९५१ ला शिकागोला बेन मे लॅबोरेटरी झाली, अलाबामातल्या बेन मे नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या पैशावर, नाव कॅन्सर संशोधनाचं, आणि त्याच छताखाली सर्जन आणि केमिस्ट. केमिस्टला उंदराचा प्रश्न विचारायची मोकळीक, आणि जिन्याने खाली उतरलं की पेशंट. दोन्ही होतं म्हणून झालं. आपल्याकडे मेडिकल कॉलेज वेगळं, विज्ञान संस्था वेगळी, यांच्यातल्या फायली मंत्रालयातून फिरतात. परळला मात्र हे जमण्यासारखं आहे, टाटा हॉस्पिटल, केईएम आणि प्रजननावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था चालत जायच्या अंतरावर आहेत. टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांनी सुमारे हजार बायकांवर अभ्यास करून ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं तर काय होतं ते पाहिलं, २०११ ला छापून आलं. सगळ्या मिळून बघितलं तर ठोस फरक नाही, पण ज्यांच्या काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेला होता त्यांच्यात फायदा दिसला, आणि तो का दिसला हे शोधायला पुन्हा रिसेप्टरवाली आणि जनुकवाली माणसंच लागतात. इंजेक्शन स्वस्त, जुनं, कुठल्याही औषध कंपनीला त्यात रस नाही. हा प्रश्न आपणच विचारायचा, आपल्या बायकांसाठी, दुसरं कोण विचारणार?

म्हणून माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. पीएचडीच्या पहिल्या तीन वर्षांत तो उपयोगाचा रकाना काढून टाका आणि त्याऐवजी विचारा की तुझा प्रश्न काय आहे आणि तो मोजणार कसा. सरकारी मेडिकल कॉलेजात काढलेल्या गाठी वेळेवर फॉर्मलिनमध्ये घालायला आणि संशोधनासाठी जपून ठेवायला एक माणूस नेमा, त्याला शनिवार-रविवारचीही ड्युटी द्या. आणि सारथी, बार्टी, महाज्योती, यूजीसी, जी कोणी असेल तिची फेलोशिप शिक्षकांच्या पगारासारखी महिन्याच्या महिन्याला खात्यात जाऊ दे, थकलेली आधी द्या, त्याला नवा कायदा लागत नाही की नवी समिती लागत नाही. त्या पुतणीला परवा फोन केला तर सातातले चार महिने जमा झाले होते आणि ती अँटिबॉडीची नवी ऑर्डर टाकत होती.